मेंढी म्हातारी झाली, विकायची कशी?

तुमच्या वाड्यावर चाळीस मेंढ्या असतील, तर त्यांतल्या सहा-सात यंदा काढाव्या लागणार हे तुम्हाला ठाऊक आहे. तुमच्या गावात येणाऱ्या हेड्यालाही ते ठाऊक आहे. फरक एवढाच, की त्या सहा-सात कोणत्या आणि कोणत्या महिन्यात काढायच्या, हे तुम्ही अजून ठरवलेले नाही. हेड्याने ठरवलेले आहे. तो वैशाखात येईल. तळी आटलेली असतील, पेरणीचा आणि मुलांच्या शाळेचा खर्च तोंडावर असेल, आणि कोकरांचा सौदा पुरा होता होता तो सहज म्हणेल, "मालक, त्या चार म्हाताऱ्या पण घाला यातच. कशाला सांभाळताय?"

आणि आपण त्या घालून टाकतो!

कोकरांच्या भावासाठी अर्धा दिवस घासाघीस करणारा माणूस म्हाताऱ्या मेंढ्या पाच मिनिटांत देऊन मोकळा होतो. याचे कारण पुष्कळदा मनातले असते. जिने पाच-सहा वेळा कोकरू दिले, जिच्या दुधावर घरातली पोरे वाढली, तिच्याकडे खाटकाच्या नजरेने पाहायला जीव धजत नाही. लवकर नजरेआड झाली तर बरे, असे वाटते. हे समजण्यासारखे आहे. पण हेडा तिच्याकडे त्याच नजरेने पाहत असतो, आणि आपण तोंड फिरवले की भाव त्याच्या हातात जातो.

जरा हिशेब मांडून पाहा. सहा मेंढ्या, प्रत्येकीचे जिवंत वजन २८ किलो धरले तर एकूण १६८ किलो होते. समजा, तुमच्या बाजारात अशा मेंढीचा भाव किलोला २५० रुपये आहे. मग या सहांचे ४२,००० रुपये झाले. हेड्याने नजरेने पाहून नगाला साडेचार हजार सांगितले आणि तुम्ही मान डोलावली, तर हाती येतात २७,०००. मधले पंधरा हजार तुमचेच होते. हे भाव मी हिशेबापुरते घेतले आहेत. तुमच्याकडच्या बाजाराचे आकडे घालून तुम्ही पुन्हा मांडा. फरक कमी-जास्त निघेल, पण निघेल. ज्या घरात वर्षाचा रोख पैसा कोकरे, लोकर आणि शेतात मेंढ्या बसवण्याचे मिळतील तेवढे धान्य-पैसे यांवरच येतो, त्या घरात ही रक्कम लहान नाही.

मेंढी शेवटी जाते कुठे?

भाव कशात आहे हे कळायला मेंढीच्या मागोमाग थोडे चालावे लागेल. सातारा जिल्ह्यातले लोणंद, सांगलीकडचे आटपाडी, सोलापूरकडचे सांगोला, पुण्याजवळचे चाकण, हे आपल्याकडचे शेळ्या-मेंढ्यांचे नावाजलेले बाजार. लोणंदचे नाव तर दख्खनी मेंढीच्या एका वाणालाच मिळाले आहे. संगमनेरी, सोलापुरी आणि कोल्हापुरी हे तिचे दुसरे तीन वाण. या बाजारांत गोळा झालेले जित्राब व्यापारी गाडीत भरतात. काही पुण्याला जाते, काही हैदराबादच्या वाटेला लागते, आणि बरेचसे मुंबईला, म्हणजे महापालिकेच्या देवनार कत्तलखान्याच्या बाजारात उतरते.

देवनार सुरू झाले १९७१ साली. त्यापूर्वी मुंबईचा हा कारभार वांद्र्याला खाडीकाठी होता. तुमच्या आजोबा-पणजोबांच्या काळातल्या ज्या मेंढ्या घाट उतरून गेल्या, त्या वांद्र्यालाच. त्या वांद्र्याच्या उत्तरेला लागूनच समुद्रकाठी खारदांडा आहे. हे कोळ्यांचे जुने गाव. आता चारी बाजूंनी मुंबईने वेढलेले, तरी होड्या, जाळी आणि मासळीचा बाजार अजून राखून आहे. अशा वस्तीतल्या मटणाच्या दुकानासमोर जे गिऱ्हाईक उभे राहते, तेच तुमच्या मेंढीच्या साखळीचे शेवटचे टोक.

ते गिऱ्हाईक काय मागते? "बोकडाचे द्या, कोवळे द्या." म्हातारी मेंढी कोणी नाव घेऊन मागत नाही. तिचे मांस चिवट, शिजायला वेळ घेणारे, चरबीला वेगळा वास. म्हणून ते बहुतेक खिम्यात, मोठ्या खानावळींच्या रश्शात, अशा ठिकाणी खपते, जिथे ते बारीक होते किंवा बराच वेळ शिजते. याचा अर्थ ती कवडीमोल आहे असा नाही. तिचे गिऱ्हाईक वेगळे आहे, एवढाच. कोवळ्या मटणाचा मुंबईतला भाव वर्तमानपत्रात वाचून तो आपल्या म्हाताऱ्या मेंढीला लावू नका, आणि "हिला कोण विचारतंय" या हेड्याच्या बोलण्यावरही विश्वास ठेवू नका. विचारणारा नसता, तर तो स्वतः तिच्यासाठी तुमच्या वाड्यावर आला नसता.

सहा मेंढ्या घेऊन स्वतः देवनार गाठावे, असे काही जणांच्या मनात येते. येऊ देऊ नका. गाडीभाडे, वाटेतला चारा-पाणी, दलाली, मुक्काम, आणि प्रवासात घटलेले वजन हे सारे सहा मेंढ्यांवर पडले, तर घरच्या बाजारात मिळाले असते त्यापेक्षा कमी हाती लागेल. शिवाय गाडीतून उतरलेले जित्राब परत नेता येत नाही, हे तिथल्या घेणाऱ्याला पक्के माहीत असते.

आषाढ आणि श्रावण

खारदांडा आणखी एका कारणासाठी ध्यानात ठेवा. जून आणि जुलै या दोन महिन्यांत राज्याच्या किनाऱ्यावर यांत्रिक होड्यांच्या मासेमारीला बंदी असते. होड्या काठावर ओढलेल्या असतात. कोळीवाड्यात उन्हाळ्यात सुकवून ठेवलेले बोंबील, सोडे, जवळा यांची बेगमी निघते. ताजी मासळी कमी झाली, की मुंबईतली आणि कोकणातली मांसाहारी घरे कोंबडी-मटणाकडे वळतात. त्यातच आषाढ असतो. पुढे श्रावण पाळायचा म्हणून अमावास्येपर्यंत घरोघरी सामिष होते, आणि आपल्या गावांतूनही आखाडाच्या जत्रा याच महिन्यात. मटणाला मागणी वाढते, तसा खाटीक व्यापाऱ्याकडे मागतो आणि व्यापारी बाजारात हात सैल सोडतो.

श्रावण लागला की सगळे थंड. गणपती, पितृपक्ष, नवरात्र असे करत दसऱ्यापर्यंत बाजार अडखळतच चालतो. नवरात्र उठले की पुन्हा जोर येतो. म्हणजे म्हातारी मेंढी विकायला वर्षात दोन बऱ्या वेळा मिळतात. एक आषाढात, अमावास्येच्या आठ-दहा दिवस आधी. अगदी आदल्या बाजारी नव्हे, कारण तोवर खाटकांची खरेदी उरकलेली असते. दुसरी दसऱ्यानंतर.

बकरी ईदचे काय, असे कोणी विचारील. ती दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते, आणि तिच्या आधीचे पंधरा दिवस देवनारला पाय ठेवायला जागा नसते. पण तो भाव देखण्या, धडधाकट नराचा. आंधळे, लंगडे, हाडे निघालेले जनावर कुर्बानीला चालत नाही. तुमचा मेंढा किंवा बोकड असेल तर त्या दिवसांची वाट जरूर पाहा. म्हातारीला त्या गर्दीत नेऊ नका. व्यापाऱ्याचे पैसे आणि गाडीतली जागा तेव्हा नरांसाठी राखलेली असते.

आता खरी अडचण. चैत्र-वैशाखात चारा-पाणी नसते, आणि आषाढापर्यंत थांबणे सगळ्यांना जमत नाही. ज्यांना जमणार नाही, त्यांनी वैशाखाची वाट न पाहता फाल्गुनातच विकावे. सुगीच्या रानातली आणि हरभऱ्याच्या घाटेचराईची मेंढी तेव्हा अंगाने भरलेली असते, आणि इतरांची अजून बाजारात आलेली नसते. सगळे मेंढपाळ एकदम विकायला निघतात, त्याच्या एक महिना आधी आपण विकले पाहिजे. उन्हाळ्यात तीन महिने सांभाळून तीन किलो घटवायचे आणि मग पडत्या भावात द्यायचे, हा सगळ्यात महाग सौदा.

वाटे आधी, भाव मागून

खारदांड्याला होडी लागली की मासळी एका ढिगात विकली जात नाही. पापलेट वेगळे, सुरमई वेगळी, बोंबील वेगळे, बारीक मासळीचे वाटे वेगळे. कोळीण हे हाताने करते आणि नंतरच भाव बोलते. मिसळलेल्या ढिगाला बारीक मासळीचाच भाव मिळतो, हे तिला लहानपणापासून माहीत असते. तिचा माल दुपारपर्यंत नासतो, म्हणून तिला घाई. आपला माल नासत नाही, तरी आपणच तो ढिगात घालतो, याचे नवल वाटते.

काढायच्या मेंढ्यांचेही असेच वाटे करा, आणि ते कोकरे तोडताना करा. कोकरू तीन महिन्यांचे झाले, आईपासून वेगळे केले, की त्याच दिवशी प्रत्येक मेंढीचे तोंड उघडून पाहा. समोरच्या खालच्या जबड्यात दीड वर्षाच्या सुमारास दोन मोठे दात येतात. दुसऱ्या वर्षाच्या आसपास चार, तिसऱ्याच्या आसपास सहा, आणि चौथ्या वर्षापर्यंत आठही जुळतात. पुढे ते लांब दिसू लागतात, त्यांच्यात फटी पडतात, मग झिजतात, हलतात, तुटतात. दात तुटलेली मेंढी आखूड चारा ओरबाडू शकत नाही. ती दिवसभर चरते आणि अर्धपोटी परत येते. पुढच्या उन्हाळ्यात ती टिकणार नाही.

मग कास दाबून पाहा. एक बाजू दगडासारखी घट्ट, किंवा गाठी असतील, तर ती कासदाहाने गेलेली आहे. अशी मेंढी दिसायला तरुण असली तरी तिच्या कोकराला दूध पुरणार नाही. दोन हंगाम लागोपाठ गाभण न राहिलेली, अंग बाहेर येणारी, पायाने कायमची अधू, याही काढायच्या. आणि इथे घरच्या बाईला विचारल्यावाचून कोणतीही मेंढी काढू नका. मालक कळपाकडे पाहतो; कोकरे कोणत्या मेंढीखाली लावली, कोणती पिऊ देत नव्हती, कोणाचे कोकरू दुसरीच्या दुधावर जगले, हे मालकीणबाईंना तोंडपाठ असते. दातांवरून काढायला निघालेली एखादी मेंढी सलग तीन वर्षे जुळी वाढवणारी निघते. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने बंगालच्या गरोळ मेंढीचा जुळ्यांचा गुण आपल्या दख्खनीत आणून 'नारी सुवर्ण' ही मेंढी घडवली, त्याला किती वर्षांची मेहनत लागली! आपल्या कळपात तो गुण आपसूक असेल, तर दोन दात पडले म्हणून तिला घालवण्याआधी तिच्या मुली कळपात ठेवल्या आहेत ना, एवढे तरी पाहा.

एवढे पाहून झाले की वाटे आपोआप पडतात. काही मेंढ्या तुम्हाला नकोत, पण दुसऱ्याला हव्यात. चारा कमी पडला किंवा पैशाची नड आली म्हणून निघालेली सहा दाती, धडधाकट मेंढी ही कापणीची नव्हे, पाळणीची. ती गाभण असेल किंवा लेकुरवाळी असेल तर खाटकाच्या भावापेक्षा पाळणाऱ्याचा भाव बराच चढा असतो. तिला कोकरासह, वेगळी बांधून, दुसऱ्या मेंढपाळाला विका. या एका गोष्टीत सगळ्यात जास्त पैसा बुडतो, कारण हेडा अशी मेंढी म्हाताऱ्यांबरोबर कापणीच्या भावात घेतो आणि पुढच्याच बाजारात पाळणीच्या भावात विकतो. त्यात बेकायदा काही नाही. धंदा आहे त्याचा.

मात्र गाभडलेली मेंढी पाळायला म्हणून कोणाच्या गळ्यात बांधू नका. शेवटच्या महिन्या-दीड महिन्यात एकापाठोपाठ दोन-तीन मेंढ्या गाभडल्या, तर तो सांसर्गिक गर्भपात असू शकतो, आणि तो माणसालाही होतो. वरचेवर ताप आणि सांधेदुखी मागे लागते. पशुवैद्यकाकडून रक्त तपासून घ्या, आणि तोवर त्या मेंढीचे दूध उकळल्यावाचून पिऊ नका.

गाभण आहे की नाही हे कापणीच्या वाट्यातही पाहिलेच पाहिजे. कत्तलखान्यांसाठी केंद्र सरकारचे २००१ चे नियम आहेत. त्यांनुसार गाभण मादी, तीन महिन्यांच्या आतले पिलू असलेली मादी आणि तीन महिन्यांच्या आतले पिलू यांची कत्तल करता येत नाही, आणि जनावर कापण्याजोगे असल्याचा पशुवैद्यकाचा दाखला लागतो. मेंढी पाच महिने गाभण असते. विकायच्या मेंढ्या कळपात मेंढ्याबरोबर राहिल्या, की आषाढापर्यंत त्यांतल्या निम्म्या गाभण राहिल्याच म्हणून समजा. मग व्यापारी ते कारण सांगून भाव पाडतो. म्हणून कोकरे तोडल्या दिवसापासून हा वाटा मेंढ्यापासून वेगळा राखा. शिंगाला किंवा पाठीवर रंगाची खूण करा, म्हणजे पोरांनाही कळेल.

एक शंका नेहमी विचारली जाते. राज्यात २०१५ पासून गाईबरोबर बैल आणि वळूच्या कत्तलीलाही बंदी आहे, तशी मेंढीला आहे का? नाही. शेळ्या-मेंढ्या त्या कायद्यात येत नाहीत.

चाळीस दिवसांचा खुराक

कमरेवर, शेवटच्या बरगडीच्या मागे, पंजा ठेवून दाबा. मणके सुरीच्या धारेसारखे लागले तर मेंढी हाडकी. मणके हाताला कळतात पण वर मऊ मांस आहे, तर ठीक. मणके सापडतच नाहीत, तर ती अतिलठ्ठ. बाजारात घेणारा हेच करतो. तो पाठ थोपटतो तेव्हा माया करत नसतो, उतारा मोजत असतो. उतारा म्हणजे जिवंत वजनातून निघणारे मटण. भरलेल्या मेंढीत तो शंभर किलोला ४५ च्या आसपास जातो, हाडकीत ४० च्याही खाली येतो. म्हणून हाडक्या मेंढीचे नुसते वजनच कमी नसते, किलोचा भावही कमी असतो. दोन्हीकडून मार.

मधल्या आणि लठ्ठ मेंढ्या लगेच विका. हाडक्यांत निवड करा. ज्या मेंढीचे फक्त दात गेले आहेत, बाकी नाक-डोळे स्वच्छ, लेंडी गोळीदार, तिला चाळीस दिवस खुराक दिला तर ती पैसे फेडते. तिला चावता येत नाही म्हणून ती हाडकी आहे, खात नाही म्हणून नाही. आधी जंताचे औषध पाजा. मग मक्याचा भरडा, शेंगदाण्याची किंवा सरकीची पेंड आणि थोडा कोंडा एकत्र करून रोज पाव किलो, दोन वेळा विभागून द्या. सुरुवात मूठभरापासून करा आणि आठवडाभरात पूर्ण मापावर आणा. एकदम ओतलात तर पोट फुगून किंवा आंत्रविषाराने मेंढी हातची जाईल. बाभळीच्या शेंगा पडत असतील तर खुराकाचा खर्च आणखी उतरेल. सुबाभळीचा पाला चालतो, पण नुसता त्यावरच ठेवू नका.

असा खुराक आणि जोडीला चराई मिळाली तर दिवसाला शंभर ग्रॅमच्या आसपास वजन चढते. चाळीस दिवसांत खुराक लागला दहा किलो, वजन चढले चार किलो. म्हणजे अडीच किलो भरड्याच्या किमतीपेक्षा एक किलो जिवंत वजनाचा भाव जास्त असेल तर खुराक परवडला. आजकाल तो बहुतेक वेळा जास्तच असतो. पण चाळीस-पंचेचाळीस दिवसांपुढे जाऊ नका. पुढे मांस चढत नाही, चरबी चढते, आणि चरबीचे पैसे खाटीक देत नाही.

जी मेंढी पंधरा दिवस खुराक खाऊनही भरत नाही, खोकते, जबड्याखाली पाणी धरते, तिच्यावर पैसा घालवू नका. डॉक्टरांना दाखवा. आणि औषध दिले असेल, मग ते जंताचे असो की इंजेक्शन, तर त्याच्या वेष्टनावर मांसासाठी किती दिवस थांबायचे ते लिहिलेले असते. तेवढे दिवस गेल्यावाचून ती मेंढी बाजारात नेऊ नये. खाणाऱ्याच्या घरीही लहान मुले असतात.

कातरणीचेही पाहा. लोकरीने झाकलेल्या मेंढीत घेणारा नेहमी कमीच धरतो, आणि ताज्या कातरलेल्या मेंढीच्या अंगावरचा प्रत्येक ओरखडा दिसतो. विक्रीआधी तीन-चार आठवडे कातरली तर दोन्ही टळते. अंगावर गोचीड ठेवू नका. कातड्याला भोके पडली की तिथेही पैसे कापले जातात.

काटा स्वतःचा

मेंढपाळाच्या घरात मोबाइल आला, मोटारसायकल आली, पण वजनकाटा आला नाही. पन्नास किलोचा लटकता काटा आणि गोणपाटाची झोळी एवढ्यानेच काम होते, आणि पहिल्याच विक्रीत त्याची किंमत वसूल होते. तोही नसेल तर शिवणकामाची टेप आणा. पुढच्या पायांच्या मागून छातीचा घेर मोजा, तो इंचांत. खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंत लांबी मोजा, तीही इंचांत. घेराला घेराने गुणा, त्याला लांबीने गुणा, आणि ६६० ने भागा. जे येईल ते किलोतले वजन. घेर २८ आणि लांबी २५ असेल, तर २८ गुणिले २८ झाले ७८४, गुणिले २५ झाले १९,६००, भागिले ६६० म्हणजे साधारण पावणेतीस किलो. शाळेत जाणाऱ्या मुलीला बसवा हिशेबाला. ती तुमच्याहून लवकर करील. किलो-दोन किलोचा फरक पडेल, पण हेड्याच्या "वीसबावीस भरंल" या अंदाजापुढे हा आकडा तुमच्या खिशात असलेला बरा.

बाजाराच्या आदल्या रात्री मेंढ्या उपाशी ठेवू नका, आणि वजन वाढावे म्हणून मीठ चारून पाणीही पाजू नका. फुगलेले पोट घेणारा बोटाने ओळखतो, आणि मग तुमच्या सगळ्याच मेंढ्यांवर संशय धरतो. नेहमीसारखे चरू द्या, पाणी दाखवा, आणि शक्य तर पहाटे कमी अंतर चालवून न्या. दूरच्या बाजाराला गाडी केली तर दाटीवाटीने भरू नका. खाली भुसा किंवा गवत टाका. चेंगरलेल्या मेंढीच्या मांसावर काळेनिळे डाग पडतात.

बाजारात पोचल्यावर पहिला तासभर काही विकू नका. नुसते हिंडा. तुमच्यासारख्या मेंढ्यांचे कुठे काय ठरते आहे ते बघा. रुमालाखाली बोटे धरून भाव करण्याची जुनी रीत अजून बऱ्याच ठिकाणी आहे, आणि तिच्यामुळे शेजारच्याला काय मिळाले ते तुम्हाला कळत नाही. ज्याचा व्यवहार झाला त्याला बाजूला घेऊन विचारा, बहुतेक जण सांगतात. दोन घेणाऱ्यांनी बोली लावल्याशिवाय दावे सोडू नका. "सगळ्या घेतो, सरसकट भाव बोला" असे कोणी म्हणाला तर वाटे करून आणल्याचे सांगा. या तिघी वजनावर, ही लेकुरवाळी वेगळी.

चार-पाच घरांनी मिळून तीस-चाळीस मेंढ्या एकत्र केल्या, तर व्यापारी स्वतः गाडी घेऊन वाड्यावर येतो. दोघा-तिघांना एकाच दिवशी बोलवा, काट्यावर घालून किलोचा भाव मागा, आणि प्रत्येक घराची वेगळी खूण व वेगळे वजन वहीत लिहा. नाहीतर वर्षानुवर्षांचे शेजारी एका मेंढीवरून भांडतात. रोट्यावर असताना हे सोपे जाते. गावात असताना भावकी आड येते, पण प्रयत्न करून पाहावा.

कागद सांभाळा. राज्य सरकारच्या आदेशाप्रमाणे १ जून २०२४ पासून कानात बारा अंकी बिल्ला नसलेल्या जनावराची खरेदी-विक्री करता येत नाही. तो पशुवैद्यकीय दवाखान्यातून लावून घ्या आणि विकलेल्या मेंढीचा क्रमांक वहीत उतरवा. बाजार समितीच्या आवारात व्यवहार केला असेल तर पावती मागून घ्या, तिच्यावर नगांचा आकडा आणि रक्कम बघा. आणि उधारी नको. "अर्धे आता, अर्धे पुढच्या बाजारी" हे वाक्य म्हाताऱ्या मेंढीच्या बाबतीत हमखास ऐकू येते, कारण त्या अर्ध्यांसाठी तुम्ही पुन्हा यायचे नाही हा त्याचा होरा असतो. रक्कम मोजून मालकीणबाईंच्या हातात, आणि मग दावे त्याच्या हातात.